टेकडी, झाडं आणि मावशींच्या शेळ्या

कामं आवरली असतील तर जरा टेका, नसतील तर भाकरी थापता थापता ऐका.

पुण्यात वारज्याला चहूबाजूंनी इमारती उठल्या, पण मधे वन विभागाची साधारण 40 एकर टेकडी उरली होती. उघडीबोडकी. राडारोडा पडायचा, अतिक्रमण व्हायचं. 2015 च्या सुमारास वन विभाग, स्वयंसेवी संस्था, कंपन्या आणि रहिवाशांनी मिळून ती राखायला घेतली. आपल्या मातीतली झाडं लावली. आता तिथं पाखरं नांदतात. 5 जून 2020 ला केंद्र सरकारनं देशात 200 नगरवनं करायची घोषणा केली, तेव्हा वारज्याचंच उदाहरण पुढं ठेवलं.

मी हे गटाच्या बैठकीत सांगितलं. म्हटलं, "आपणही गायरानाच्या टेकडीवर झाडं लावू." सगळ्यांनी माना डोलावल्या. एक मावशी म्हणाल्या, "लावा की. पण माझ्या चार शेळ्या कुठं नेऊ?" मी घाईत बोलून गेले, "ते नंतर बघू." पुढच्या बैठकीला मावशी आल्या नाहीत. त्या शेळ्यांना कर्ज आपल्याच गटानं दिलेलं!

चूक माझी होती. शहरात दूध पिशवीतून येतं. मावशींचा हप्ता त्या उतारावर चरतो.

मग आपल्याच नगर तालुक्यातलं हिवरे बाजार आठवलं. 1989 साली पोपटराव पवार सरपंच झाले, त्यानंतर गावानं कुऱ्हाडबंदी, चराईबंदी पाळली. पण गवत बंद केलं नाही. जनावर आत सोडायचं नाही, विळ्यानं कापून भारा न्यायचा. मोकळी शेळी कोवळा शेंडा आधी खाते. भारा नेला तर रोपही वाचतं, शेळीही.

मात्र भाऱ्याचं ओझं बाईच्याच डोक्यावर येतं, हेही खरं. म्हणून मावशींच्या घरी जाऊन त्यांनाच विचारलं. त्यांनी टेकडीवर नेऊन ओल कुठं टिकते ते दाखवलं. आता ग्रामसभेत मांडणार आहोत: ओलीचा निम्मा उतार राखायचा, निम्मा चराईला मोकळा. राखलेलं गवत आधी शेळीवाल्या बायकांना, आणि घरातल्या गड्यांनीही भारा उचलायचा.

तुमच्या गावात खड्डा घेण्याआधी एवढं करा: त्या जागेवर कोणाची चूल पेटते, ते विचारा. मावशी परवाच्या बैठकीला आल्या होत्या.

येते मैत्रिणींनो, नमस्कार.