अश्रूंचा हिशेब

(चित्रपटप्रेमींच्या एका मंडळापुढे केलेल्या भाषणाचे लेखी रूप)



चित्रपटातील हृदयस्पर्शी प्रसंगांवर बोलण्यासाठी अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाला पाचारण करण्याचे धाडस संयोजकांनी केले आहे. त्याची फळे त्यांनी आता भोगावीत. मी रसशास्त्रात शिरणार नाही. तो माझा प्रांत नव्हे. मला एवढेच सांगावयाचे आहे की, पडद्यावरील ज्या प्रसंगांनी आपले डोळे भरून येतात त्यांपैकी पुष्कळांच्या मुळाशी एखादी रोख रक्कम असते आणि ती आपल्याला आधी नेमकी सांगितलेली असते. हिशेब ठाऊक असतो म्हणूनच रडू येते.

बिमल रॉय यांचा १९५३ सालचा ‘दो बीघा जमीन’ घ्या. शंभू महातोच्या समजुतीने जमीनदाराचे त्याच्याकडे ६५ रुपये येणे आहे. घरातील चीजवस्तू आणि बायकोचे दागिने विकून तो ती रक्कम उभी करतो. जमीनदाराच्या वहीत मात्र आकडा निघतो २३५ रुपयांचा. कोर्ट तीन महिन्यांची मुदत देते आणि हा माणूस मुलासह कलकत्त्याला येऊन हातरिक्षा ओढू लागतो. येथपर्यंत प्रेक्षक रडत नाही. तो मनातल्या मनात वजाबाकी करीत असतो. आज किती मिळाले, किती राहिले, दिवस किती उरले! दिग्दर्शकाने आपल्याला नकळत शंभूचा कारकून करून टाकलेले असते.

मग ती शर्यत येते. एक शौकीन गिऱ्हाईक दुसऱ्या वाहनातून पुढे गेलेल्या स्त्रीला गाठण्यासाठी शंभूच्या रिक्षात बसते आणि ‘आणखी जोरात, पैसे वाढवून देतो’ असे सांगत राहते. बोली चढत जाते, शंभूची पावले वाढत जातात, आणि अखेरीस चाक निखळून तो रस्त्यावर आदळतो. या प्रसंगात कोणी चाबूक उगारलेला नाही, कोणी शिवीही दिलेली नाही. आमच्या पाठ्यपुस्तकांत ज्याला दोन्ही पक्षांच्या खुषीचा सौदा म्हणतात, तोच हा सौदा. मागणी आहे, पुरवठा आहे, किंमत ठरली आहे. मी अनेक वर्षे वर्गात फळ्यावर ज्या दोन रेषा एकमेकींना छेदताना काढून दाखविल्या, त्यांच्या छेदनबिंदूवर एक माणूस धापा टाकीत पळतो आहे. आणि खरी बोचणारी गोष्ट याहून पुढची आहे. २३५चा आकडा आपल्याला पाठ झालेला असल्यामुळे आपणही खुर्चीच्या कडेवर येऊन ‘पळ, पळ’ म्हणत असतो. त्या गिऱ्हाइकाची आणि आपली इच्छा काही क्षण एकच झालेली असते. चाक निखळते तेव्हा जे रडू फुटते त्यात करुणेबरोबर शरमही मिसळलेली असते. बलराज साहनींनी या भूमिकेसाठी कलकत्त्याच्या रस्त्यांवर खरोखरीच रिक्षा ओढण्याचा सराव केला होता. त्या धावण्यात अभिनय किती आणि दमछाक किती, हे सांगणे मला तरी जमत नाही.

या चित्रपटाची प्रेरणा परदेशातून आली, हे सर्वविदित आहे. १९५२च्या जानेवारीत मुंबईत देशातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला. तेथे व्हित्तोरिओ दे सिका यांचा ‘बायसिकल थीव्हज’ आपल्या लोकांनी पाहिला. त्यातला शेवटचा प्रसंग बहुतेकांच्या स्मरणात असतो. सायकल चोरताना पकडलेला बाप, त्याला थपडा मारणारा जमाव, बापाची पडलेली टोपी उचलून झटकणारा लहानगा ब्रूनो, आणि मग गर्दीत बापाच्या हातात शिरलेला त्याचा हात. त्या प्रसंगाची थोरवी मी नाकारीत नाही. परंतु माझ्या मते त्याचे भांडवल फार आधी, चित्रपटाच्या सुरुवातीलाच गुंतविलेले आहे. नोकरीसाठी सायकल हवी, सायकल गहाण पडलेली, म्हणून बायको अंथरुणावरच्या चादरी काढून त्या गहाण टाकते. गहाणवटीच्या दुकानातला नोकर ते गाठोडे घेऊन उंच मांडणीवर चढू लागतो. कॅमेरा त्याच्याबरोबर वर वर जातो आणि आपल्याला दिसते की ती छताला भिडलेली मांडणी अशाच गाठोड्यांनी खच्चून भरलेली आहे. एकही शब्द नाही, अश्रू नाही. युद्धोत्तर रोममधील बेकारीवर एवढा बोलका तक्ता मी कोणत्याही अहवालात पाहिलेला नाही. शेवटी आपण रडतो ते एका बापासाठी खरे, पण त्या मांडणीवरची सारी गाठोडी तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे असतात. बापाचे काम करणारा लाम्बेर्तो मॅज्जोरानी हा व्यवसायाने नट नव्हता, कारखान्यातला कामगार होता, हे जाता जाता नोंदवितो.

आता एक अडचण. माझा सिद्धान्त सर्वत्र लागू पडत नाही. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’त (१९५५) हरिहर कित्येक महिन्यांनी घरी परततो, आणलेल्या वस्तू एकेक काढून दाखवितो, आणि शेवटी दुर्गासाठी आणलेली साडी पुढे करतो. दुर्गा गेली आहे हे त्याला ठाऊक नाही. सर्वजया कोसळते, पण तिचा आक्रोश आपल्याला ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाईचा सूर येतो. येथे हिशेब आहे. दारिद्र्यात पैसा येतो तो नेहमी उशिराच येतो. पण पुढे अपूला फळीवर एक माळ सापडते. जी चोरल्याचा आळ दुर्गाने नाकारला होता, तीच माळ. अपू ती डबक्यात फेकतो आणि पाण्यावरचे शेवाळ पुन्हा मिटून येते. त्या माळेची बाजारात किंमत काय असेल? नगण्य. मेलेल्या बहिणीची अब्रू राखणाऱ्या त्या पोराला कोणत्या रकान्यात घालावे, हे मला आजवर उमगलेले नाही आणि उमगावे अशी इच्छाही नाही.

आपल्या चळवळीतील काही मित्रांचा या साऱ्यालाच आक्षेप असतो. ब्रेख्तचा हवाला देऊन ते म्हणतात की, रडणारा प्रेक्षक विचार करीत नाही; तिकिटाच्या पैशात त्याचा संताप धुऊन निघतो आणि तो हलका होऊन घरी जातो. यात तथ्य आहे. चाळीत वाढलेला नायक अखेरीस धनिकाचा हरवलेला मुलगा निघतो, आई त्याला कवटाळते, आणि सारे प्रेक्षागृह हुंदके देते. असे चित्रपट आपण शेकड्यांनी पाहिले. नायकाचे दारिद्र्य त्या मिठीत संपते. चाळीचे काय झाले, हे विचारण्याची कोणाला आठवणही राहत नाही. हे अश्रू बिनहिशेबी. पण म्हणून शंभूसाठी आलेले अश्रूही त्याच खात्यावर मांडणे मला मान्य नाही. तेथे २३५ ही संख्या डोळे पुसल्यावरही डोक्यात राहते. ‘दो बीघा जमीन’च्या शेवटी कुंपणाबाहेर उभा राहून शंभू आपल्याच गेलेल्या जमिनीतली मूठभर माती उचलतो आणि पहारेकरी त्याला ती टाकायला लावतो. हे पाहून हलके होऊन घरी गेलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

अश्रूंनी हातरिक्षा बंद झाली नाही, हेही तितकेच खरे. दूर कलकत्त्यास जाण्याचे कारण नाही. आपल्या माथेरानला पर्यटकांना बसवून माणसे चढावर रिक्षा ओढीत होती. ६ ऑगस्ट २०२५ रोजी, म्हणजे शंभूच्या शर्यतीनंतर ७२ वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा मानवी प्रतिष्ठेशी विसंगत ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. ओढणाऱ्यांना ई-रिक्षा भाड्याने देण्याची योजना आखावी आणि निधी नसल्याची सबब राज्याने सांगू नये, असेही न्यायालयाने बजावले. तेव्हा तुमच्यापैकी जे माथेरानला जातील त्यांनी तेथे थोडी विचारपूस करावी. ई-रिक्षा पूर्वी ओढणाऱ्यांच्याच हाती पडल्या की मध्ये कोणी ठेकेदार आला, रोजचे भाडे किती, आणि ते वजा जाता संध्याकाळी हातात काय उरते? हे आकडे मला कळवलेत तर मी आभारी होईन.