बाराव्या दोषांकाच्या आधी

(वाहनचालकांच्या एका अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयोजकांनी मला जो विषय दिला आहे तो थोडक्यात असा : रहदारीचे नियम मोडल्याबद्दल चालकाच्या नावावर गुण साचत जातात, एका ठरावीक आकड्यावर त्याचा परवाना निलंबित होतो, अशा वेळी त्याने लढायचे ते कसे? मी वकील नाही. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले. परंतु हा प्रश्न जितका कायद्याचा आहे तितकाच पोटाचाही आहे, आणि पोटाच्या प्रश्नावर बोलण्याचा अर्थशास्त्राच्या मास्तराला थोडाफार अधिकार असावा. 'गुण' हा शब्द मात्र मी वापरणार नाही. चार दशके गुण देण्यात घालवलेल्या माणसाला, जे वाढले की शिक्षा होते त्यांना गुण म्हणणे जड जाते. आपण त्यांना दोषांक म्हणू.

ही पद्धत सर्वांत तपशीलवार अभ्यासता येते ती ब्रिटनमध्ये. तेथे १९६२ च्या कायद्याने तीन वर्षांत तीन नोंदी झाल्या की परवाना काढून घेण्याची तरतूद आली. पुढे १९८१ च्या परिवहन कायद्याने नोंदींच्या जागी दोषांक आणले आणि नोव्हेंबर १९८२ पासून ते लागू झाले. सिग्नल तोडला तर तीन, वेगमर्यादा ओलांडली तर तीन ते सहा, चालवताना हातात फोन धरला तर २०१७ पासून सहा. तीन वर्षांच्या अवधीत बेरीज बारा झाली की किमान सहा महिने परवाना जातो. नव्या चालकाला तर पहिल्या दोन वर्षांत सहाच दोषांक पुरतात. त्याचा परवाना रद्द होतो आणि परीक्षा पुन्हा द्यावी लागते.

वरवर पाहता ही योजना समतेची वाटते, आणि काही अंशी ती आहेही. दंड श्रीमंताला खुपत नाही. तो त्याच्या लेखी रस्त्याचे भाडे असते. फिनलंडने यावर १९२१ पासून एक उत्तर शोधले आहे, तेथे दंड माणसाच्या उत्पन्नाच्या प्रमाणात बसतो. दोषांक हे दुसरे उत्तर. ते पैशाने विकत घेता येत नाहीत. २०१९ च्या मे महिन्यात फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅम याचा परवाना सहा महिन्यांसाठी गेला, कारण आधीचे सहा दोषांक होते आणि चालवताना फोन वापरल्याचे सहा वाढले. अशा माणसाला ७५० पौंडांच्या दंडाने काय होणार? परवाना जाणे मात्र जाणवले असेल.

परंतु हे समतेचे चित्र थोडे खरवडून पाहिले पाहिजे. दोषांक मोजले जातात ते वर्षांवर, किलोमीटरवर नव्हेत. एक उदाहरण केवळ हिशेबासाठी घेऊ. एक गृहस्थ स्वतःच्या मोटारीने कचेरीत जातात आणि दिवसाला वीस किलोमीटर चालवतात. दुसरा टॅक्सी चालवतो, दिवसाला दीडशे किलोमीटर. दोघेही सारखेच सावध आणि सारखेच बेसावध आहेत असे माना. दर सहा हजार किलोमीटरमागे दोघांच्याही हातून एक चूक घडते आणि ती पकडली जाते. चुकीला तीन दोषांक. वर्षाला तीनशे दिवस काम धरले तर कचेरीवाल्या गृहस्थांची वर्षात एक चूक होईल, तीन वर्षांत नऊ दोषांक, आणि मग जुने गळू लागतील. त्यांचा परवाना जन्मभर सुरक्षित राहील. टॅक्सीवाल्याची चौथी चूक मात्र एकशे साठाव्या दिवशीच होईल. चूक करण्याचे प्रमाण एक, नियम एक, आणि निकाल असे दोन. शिवाय एकाचे नुकसान म्हणजे सहा महिने बसच्या रांगेत उभे राहणे, तर दुसऱ्याचे म्हणजे सहा महिने चूल थंड राहणे.

यावर एक उत्तर दिले जाते, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. जो अधिक चालवतो त्याच्यापासून लोकांना धोकाही अधिक. शिवाय चालवणे हा ज्याचा धंदा आहे त्याने अधिक सावध असावे. हे मी मान्य करतो. आपल्या देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली बत्तीस हजारांहून अधिक पायी चालणारी होती, आणि पायी चालणारा माणूस बहुधा तुमच्या-आमच्याहून गरीब असतो. तेव्हा मद्य पिऊन गाडी हाकणाऱ्याचा परवाना वाचवण्याची विद्या शिकण्यासाठी कोणी येथे आला असेल तर त्याने खुशाल उठून जावे. माझी तक्रार शिक्षेविषयी नाही. कोणाला ऐकून घेतले जाते आणि कोणाला नाही, याविषयी आहे.

ब्रिटनमध्ये बारा दोषांक झाले की चालक दंडाधिकाऱ्यांसमोर उभा राहतो. तेथे त्याला वाटते, आता मी सगळे सांगेन : तो सिग्नल नुकताच बदलला होता, त्या रस्त्यावर वेगाची पाटी झाडाआड होती. परंतु १९८८ च्या कायद्याचे पस्तिसावे कलम सांगते की, गुन्हा किरकोळ होता हा बचाव या टप्प्यावर विचारातच घ्यायचा नाही. विचारात घ्यायची ती केवळ हलाखी, आणि तीही साधी चालणार नाही, 'असाधारण' असली पाहिजे. एकदा सांगितलेले कारण तीन वर्षांत पुन्हा सांगता येत नाही. तेथील न्यायालयांना २०२० मध्ये जे मार्गदर्शन दिले गेले, त्याचा आशय असा की परवाना गेल्यावर माणसाला आणि त्याच्या कुटुंबाला त्रास व्हायचाच, तो शिक्षेचाच भाग आहे. नोकरी जाणे हाही अनेकांच्या बाबतीत अटळ परिणाम आहे.

येथे अर्थशास्त्राचा विद्यार्थी थबकतो. नोकरी जाणे साधारण. मग असाधारण काय? व्यवहारात असे दिसते की, इतरांना होणारा त्रास दाखवता आला तर त्याला वजन येते. म्हणजे असे पाहा : दहा नोकर असलेला मालक सांगू शकतो की, माझा परवाना गेला तर धंदा बसेल आणि दहा निरपराध घरे उघडी पडतील. नोकराने काय सांगायचे? माझा परवाना गेला तर माझी नोकरी जाईल. ती तर साधारण गोष्ट! २०१९ च्या ऑगस्टमध्ये स्टीव्ह कूगन या विनोदी नटाला सहा महिन्यांऐवजी दोनच महिन्यांची बंदी झाली, कारण त्याच्या आगामी दूरचित्रवाणी मालिकेत त्याने गाडी चालवणे आवश्यक होते. त्याच्यावर माझा राग नाही. त्याने कायद्याने दिलेली वाट वापरली. पण घरोघर पार्सल पोहोचवणाऱ्या मुलाच्या वाट्याला ही वाट किती वेळा येत असेल, याचा अंदाज तुम्ही करा.

बेकहॅमचेच आणखी एक उदाहरण देतो, कारण त्यात आजच्या विषयाची किल्ली आहे. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये वेगमर्यादेच्या एका खटल्यात त्याला शिक्षा झाली नाही. कायद्याने चौदा दिवसांत पोहोचायला हवी असलेली नोटीस एक दिवस उशिरा पोहोचली, हे त्याच्या वकिलाने दाखवून दिले. वर्तमानपत्रांनी याला पळवाट म्हटले. मी म्हणतो, त्या वकिलाने लढाई योग्य जागी केली. दोषांक वहीत चढण्यापूर्वीच तो अडवला.

याच्या उलट शिकागोच्या एका ट्रकचालकाची कथा. इलिनॉय राज्यात दहा वर्षांत तीनदा परवाना निलंबित झाला की तो रद्द करण्याची तरतूद होती. त्याचा परवाना आधी सुनावणी न घेता रद्द झाला. त्याने थेट संघराज्याच्या न्यायालयात धाव घेतली. त्याच्या पाठीशी आधार होता. १९७१ साली 'बेल विरुद्ध बर्सन' या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की, एकदा दिलेला परवाना उपजीविकेला आवश्यक ठरू शकतो, तो रीतसर प्रक्रियेवाचून हिरावता येणार नाही. तो खटला जॉर्जियातल्या एका धर्मोपदेशकाचा होता. तीन खेड्यांत फिरून त्याला आपले काम करावे लागे. तरीही १९७७ साली 'डिक्सन विरुद्ध लव्ह' या खटल्यात ट्रकचालक हरला. न्यायालयाचे म्हणणे असे की, येथे अंकगणिताशिवाय काही उरलेच नाही. प्रत्येक गुन्ह्याच्या वेळी चालकाला आपले म्हणणे मांडण्याची संधी होती. आता केवळ बेरीज करायची, आणि बेरजेसाठी आधी सुनावणी कशाला?

हा निकाल मला कठोर वाटतो. परंतु लढणाऱ्याने तो नीट वाचावा. बेरजेच्या टप्प्यावर पोहोचलेला माणूस जवळजवळ हरलेला असतो. त्याचा खटला वर्षभरापूर्वी, एका एका पावतीवर, त्याच्या नकळत निकालात निघालेला असतो.

आता आपल्याकडे येऊ. दोषांकांची वही तेलंगणाने ऑगस्ट २०१७ मध्ये उघडली : चोवीस महिन्यांत बारा झाले की वर्षभर परवाना निलंबित. परंतु वही असो वा नसो, साचण्याचे तत्त्व आपल्या केंद्रीय कायद्यात शिरलेले आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली, तिने दोनशेव्या कलमात एक गोष्ट घातली, आणि ती आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. जागेवर तडजोड-शुल्क भरून मिटवलेला गुन्हासुद्धा पुढच्या वेळी 'आधी केलेला गुन्हा' म्हणून धरला जातो. आणि शुल्क भरले म्हणून परवान्यावरची कारवाई टळत नाही. आपण म्हणतो, 'दे बाबा पाचशे आणि सूट.' ते सुटणे नव्हे. ती कबुली आहे, आणि ती कबुली आपल्यामागे चालत राहते.

त्यात आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. कॅमेऱ्याला गाडीचा क्रमांक दिसतो, माणूस दिसत नाही. ई-चलन मालकाच्या नावावर निघते, मालक ते भरून टाकतो आणि रक्कम चालकाच्या पगारातून कापतो. चालकाला ना फोटो दाखवला जातो, ना ठिकाण, ना वेळ. त्या दिवशी गाडीवर दुसराच कोणी होता की नाही, हे विचारायलाही तो धजत नाही. ब्रिटनमध्ये गाडी कोण चालवत होते हे मालकाने ठरावीक मुदतीत कळवले नाही तर मालकावरच सहा दोषांक चढू शकतात. तेव्हा ही जबाबदारी मालकावर टाकता येते, फक्त टाकण्याची इच्छा लागते.

आणि ओव्हरलोडचे काय? ऑगस्ट २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने राज्यांना ज्या गुन्ह्यांसाठी किमान तीन महिने परवाना निलंबित करण्यास सांगितले, त्यांत सिग्नल तोडणे, अतिवेग, मद्यपान, चालवताना फोन यांच्याबरोबर जादा माल भरणे आणि मालगाडीतून माणसे नेणे हेही होते. मी विचारतो, जादा पोती चढवण्याचा निर्णय चालक घेतो काय? भाडे ठरवतो व्यापारी, खेप ठरवतो मालक, फायदा दोघांचा, आणि परवाना तिसऱ्याचा! त्या पोत्यांत चालकाचा हिस्सा असलाच तर चहापाण्यापुरता.

म्हणून माझी सूचना अशी की, लढाई पहिल्या चलनापासून करावी. प्रत्येक चलनाचा फोटो, ठिकाण आणि वेळ मालकाकडून मागून घ्यावी. ते आपले नसेल, किंवा चुकीचे असेल, तर पैसे न भरता लेखी हरकत घ्यावी आणि गरज पडल्यास न्यायालयात जावे. खरोखर आपली चूक असेल तर निमूट भरावे. खोट्या लढाया संघटनेची अब्रू घालवतात. संघटनेने एक वही ठेवावी. सरकार आपली वही ठेवते, मग आपण का नाही? कोणत्या चालकावर कोणत्या तारखेला काय नोंद झाली, त्या दिवशी गाडीवर कोण होते, माल किती आणि कोणी भरला, हे त्याच आठवड्यात लिहून ठेवलेले असेल तर वर्षाने ते साक्षीसारखे उपयोगी पडते. एकट्या चालकाला वकील परवडत नाही. दोनशे चालकांना एक वकील सहज परवडतो.

इतके करूनही परवान्यावर गदा आली, तर आपला कायदा इलिनॉयपेक्षा उदार आहे हे लक्षात ठेवा. एकोणिसाव्या कलमानुसार परवाना अधिकाऱ्याने आधी म्हणणे ऐकून घेतलेच पाहिजे, आणि आदेशाची कारणे लेखी दिलीच पाहिजेत. तेथे तुम्ही किलोमीटर सांगू शकता, किती वर्षे विनाअपघात चालवले ते सांगू शकता, पोती कोणी भरली तेही सांगू शकता. रस्त्यावरचा पोलीस परवाना जप्त करून आरटीओकडे पाठवू शकतो, स्वतः निलंबित करू शकत नाही. २०२२ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. जप्तीची पोचपावती त्याच्याकडून तिथल्या तिथे मागून घ्या. सुनावणीला एकटे जाऊ नका, आणि आपली वही बरोबर न्या.

निर्णय विरुद्ध गेला तर अपील तीस दिवसांत करावे लागते. हे दिवस आदेश तुमच्या हातात पडल्यापासून मोजले जातात. तेव्हा टपालाने आलेले पाकीट फेकू नका. त्यावर तारखेचा शिक्का असतो.