यंत्राची मोजपट्टी कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्याचा श्वास कोंडला आहे, तो रुग्ण बाजारात भाव करीत हिंडू शकत नाही. रोगाची अनिश्चितता आणि रुग्णाचे अज्ञान यांमुळे वैद्यकीय सेवेला बाजाराचे नेहमीचे नियम लागू पडत नाहीत, हे अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ सालीच मांडले होते. तातडीच्या उपचारांत तर हे शतपटीने खरे आहे. या क्षेत्रात आता नवी यंत्रे निर्णयात भाग घेऊ लागली आहेत. त्यांचे स्वागत करतानाच, त्यांची मोजपट्टी कोणाच्या मापाने बेतली आहे, हे विचारणे आपले कर्तव्य आहे.

ऑक्सिमीटरचे उदाहरण घ्या. बोटातून लाल व अवरक्त प्रकाश सोडून, नाडीच्या ठोक्यागणिक तो किती शोषला जातो यावरून रक्तातील प्राणवायू मोजण्याचे तत्त्व जपानमधील ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी शोधले. पुढे हे उपकरण चिमट्याएवढे लहान झाले. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेत आपल्या आशाताई तेच घेऊन दारोदार फिरल्या. इस्पितळात कोणाला धाडावयाचे, हे पुष्कळदा त्यावरील आकड्याने ठरले.

त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेतील मिशिगनच्या संशोधकांनी एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ टक्के दाखवीत असता धमनीतील रक्तात प्राणवायू प्रत्यक्षात ८८ टक्क्यांहून कमी असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के आढळले. सावळ्या त्वचेतील रंगद्रव्य प्रकाश शोषते, आणि यंत्राचे प्रमाणीकरण मुख्यतः उजळ त्वचेवर झालेले होते. आकडा समाधानकारक, आणि माणूस मात्र गुदमरतो आहे!

दुसरे उदाहरण संगणकाचे. कोणत्या रुग्णांकडे अधिक लक्ष पुरवावे हे ठरविण्यासाठी अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या एका गणनप्रणालीची तपासणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिने गरज मोजण्यासाठी खर्चाचा आकडा वापरला होता. ज्यांच्यावर आजवर कमी खर्च झाला, ते कृष्णवर्णीय रुग्ण तिच्या लेखी कमी आजारी ठरले. मागणी म्हणजे गरज नव्हे, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा आहे. तो विसरला गेला, की कालचा अन्याय उद्याच्या यंत्रात गणित होऊन बसतो. कोणत्या रुग्णाला आधी पाहावे, हे सुचविणाऱ्या प्रणाली आता तातडीच्या कक्षांतही येत आहेत. आपल्याकडे ज्याने पैशाअभावी इस्पितळाची पायरीच चढली नाही, त्या शेतमजुराची नोंद त्यांना कोठून मिळणार?

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. सार्वजनिक पैशातून घेतलेले प्रत्येक उपकरण आपल्या लोकांवर, सर्व वर्णांच्या त्वचेवर, पारखून घ्यावे. गणनप्रणाली कोणत्या आकड्यांवर शिकविली, हे व्यापारी गुपित राहू नये. ते सार्वजनिक तपासणीस खुले असावे. आणि यंत्राचा आकडा काहीही सांगो, समोरच्या माणसाची धाप पाहून त्याला पुढे धाडण्याचा अधिकार आशाताईला व परिचारिकेला असावा. त्यासाठी त्यांना प्रशिक्षण आणि मानधनाऐवजी रास्त वेतन मिळाले पाहिजे. जून २०२१ मध्ये आशाताईंना भर साथीत संप करावा लागला, हे आपण विसरता कामा नये.

नवे यंत्र गावात येईल तेव्हा त्याच्या उद्घाटनाला अवश्य जा, साथींनो. पण हे प्रश्न बरोबर घेऊन जा.