ओटा, स्टूल आणि कोपराचे माप



आज मी आपल्याशी एका अगदी साध्या वस्तूविषयी बोलणार आहे. ती वस्तू म्हणजे स्वयंपाकाच्या ओट्याजवळ बसायचे स्टूल. आपण म्हणाल, यात सांगण्यासारखे ते काय? बाजारात जावे, दिसेल ते घ्यावे नि घरी आणावे! पण असे आणलेले स्टूल पुष्कळ घरांत कोपऱ्यात पडते. कुणी त्यावर पाण्याचा माठ ठेवतो, तर कुणी माळ्यावर चढायला ते घेतो. ज्या माणसाला बसायला म्हणून आणले, ते माणूस मात्र उभेच राहते.

आमच्या ओळखीच्या एका घरची गोष्ट सांगते. त्यांच्या जुन्या घरात चूल जमिनीवर होती. आजीबाई पाटावर बसून भाकरी थापीत, विळीवर भाजी चिरीत. पुढे नवे घर झाले, गॅस आला, उभ्याने स्वयंपाक करायचा ओटा आला. सुनेची मोठी सोय झाली. धूर गेला, उठबस वाचली. पण आजीबाईंचे गुडघे तोवर धरले होते. खाली बसवेना आणि फार वेळ उभेही राहवेना. साठ वर्षे स्वयंपाकघर सांभाळलेली ती बाई ओसरीवर जाऊन बसली. “आता माझं घरात काही काम उरलं नाही, बाई,” असे ती मला म्हणाली. तिला दुखत होते ते गुडघ्यापेक्षा हेच जास्त.

मुलगा गुणी. त्याने तालुक्याच्या गावी जाऊन एक चकचकीत उंच स्टूल आणले. हॉटेलात गल्ल्याशेजारी असते ना, तसे. त्याची उंची ३० इंच आणि घरचा ओटा ३३ इंच. म्हणजे मध्ये अंतर राहिले फक्त ३ इंच! आजीबाई बसल्या तर ओटा मांडीला लागला, हात खाली वाकवावे लागले, पाय अधांतरी लोंबू लागले. मग घरातली प्लॅस्टिकची दोन स्टुले एकावर एक ठेवून पाहिली. ती एकदा सरकली. सून जवळच होती म्हणून निभावले, नाही तर हाड मोडायचे. शेवटी गावच्या सुताराला बोलावले. त्याने आल्याबरोबर विचारले, “बसणार कोण? आणि बसून करणार काय?” श्रोतेहो, योग्य स्टूल निवडण्याची सारी विद्या या दोन प्रश्नांत आहे.

आता आपण मापाकडे वळू. मापे तीनच घ्यायची आहेत. घरात टेप असेल तर उत्तम. नसेल तर शिवणाची फीत चालेल.

पहिले माप ओट्याचे. जमिनीपासून ओट्याच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत किती इंच भरतात ते पाहा. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी ते ३२ ते ३६ इंच असते. अंदाजाने सांगू नका, मोजा. फरशी नव्याने बसवली असेल तर इंच-दीड इंचाचा फरक सहज पडतो.

दुसरे माप कोपराचे. बसणाऱ्या माणसाला साध्या खुर्चीवर ताठ बसवा. दंड अंगालगत सरळ सोडायला सांगा आणि हात कोपरात काटकोनात वाकवायला सांगा. खुर्चीच्या बैठकीपासून कोपरापर्यंतचे अंतर मोजा. आपल्याकडील बायकांत ते साधारण ८ ते ९ इंच भरते. स्टुलाची बैठक आणि ओट्याचा पृष्ठभाग यांत हेच अंतर, किंवा त्याहून इंचभर जास्त ठेवायचे. मोठ्या माणसांसाठी ढोबळ नियम असा की हे अंतर १० ते १२ इंच असावे. बांधा ठेंगणा असेल आणि बसून भाजी चिरायची असेल तर १० इंच बरे. उंच माणूस असेल आणि नुसते जेवायला, चहा घ्यायला बसायचे असेल तर १२ इंचही चालतील.

आता वजाबाकी करा. ओटा ३३ इंच, त्यातून १० वजा, उरले २३. झाले! आजीबाईंना २३ इंचांचे स्टूल हवे होते, ३० इंचांचे नव्हे. ती ३० इंची स्टुले कुठली, तर उपाहारगृहांतून ४० ते ४२ इंच उंचीच्या फळ्या असतात, त्यांच्या जोडीची. तेथे ती बरोबरच आहेत. आपल्या ओट्याशी मात्र त्यांचे जमत नाही.

तिसरे माप पायांचे, आणि याचाच लोकांना विसर पडतो. खुर्चीवर बसले असता जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या लवणीपर्यंत मोजा. समजा १५ इंच भरले. २३ इंचांच्या स्टुलावर बसल्यावर पाय जमिनीला टेकणार नाहीत. पाय लोंबकळत राहिले की मांडीच्या खालच्या बाजूला कड रुतते, मुंग्या येतात, कंबर दुखते. म्हणून २३ मधून १५ वजा करा. उरलेल्या ८ इंचांवर, म्हणजे जमिनीपासून ८ इंच उंचीवर, पाय टेकायची आडवी पट्टी हवी. ती नसलेले उंच स्टूल फुकट मिळाले तरी घेऊ नका.

उंची जमली तरी आणखी एक अडचण राहते, ती गुडघ्यांच्या जागेची. आपल्या ओट्याखाली बहुधा कडाप्प्याचे कप्पे असतात, नाही तर दारे. माणूस स्टुलावर बसले की गुडघे त्यावर आपटतात. मग ते तिरके बसते आणि पाठ पिळवटते. ओट्याचा एक दोन फूट रुंदीचा कप्पा मोकळा करा. डबे दुसरीकडे हलवा. मांडी नि ओट्याची खालची बाजू यांत निदान इंचभर जागा उरते का, तेही पाहा.

स्टुलाची घडणही पाहिली पाहिजे. बैठक १२ ते १४ इंच रुंद असावी आणि तिच्या कडा गोल तासलेल्या असाव्यात. पाय खाली थोडे फाकलेले असावेत, म्हणजे तोल जात नाही. चाके आणि फिरती बैठक वृद्धांसाठी नकोच. शहाबादी फरशी ओली झाली की निसरडी होते, तेव्हा पायांना रबरी टोप्या बसवा. सुताराकडून करून घेत असाल तर त्याला इंचभर उंचच करायला सांगा, बसून पाहा आणि मग सूत-सूत कापून घ्या. लाकूड कापता येते, वाढवता येत नाही.

आता जपायचे काय ते ऐका. स्टूल शेगडीसमोर ठेवू नका. बसलेल्या माणसाच्या मांडीवर उकळते तेल किंवा आमटी सांडली तर त्याला चटकन मागे सरता येत नाही. स्टुलाची जागा ओट्याच्या थंड बाजूला, शेगडीपासून लांब. तेथे भाजी निवडावी, शेंगा सोलाव्यात, तांदूळ पाखडून झाले की खडे वेचावेत. विळी ओट्यावर चढवू नका. विळी पाटावर बसून वापरायची. ओट्यावर सुरी आणि लाकडी फळी घ्या. आणि लहान मुलांना उंच स्टुलावर एकटे सोडू नका.

फार थकलेल्या माणसाला २३ इंचांवर चढणेही जड जाते. त्यांच्यासाठी स्टुलाचा आग्रह धरू नये. साधी १६-१७ इंचांची खुर्ची आणि समोर २६-२७ इंचांचे मेज द्यावे. बैठक आणि मेज यांतले अंतर पाहा, येथेही १० इंचच आहे! जे नवे घर बांधत असतील त्यांनी गवंड्याला आधीच सांगून ओट्याचा एक तुकडा एवढा बसका करून घ्यावा. आणि उभ्याच्या ओट्याची उंचीही गवंड्याच्या सवयीवर सोडू नये. जिला रांधायचे आहे तिला उभी करून, तिच्या कोपराच्या तीन-चार इंच खाली खूण करावी.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्यासाठी यात एक चांगला पाठ आहे. मुलांना घरचा ओटा, आजीचे कोपर आणि आजीची पोटरी मोजून आणायला सांगा. दुसऱ्या दिवशी वर्गात वजाबाकी करू द्या. इंचांचे सेंटिमीटर करू द्या. १ इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर. मेट्रिक मापे आपल्या देशात १९५८ पासून लागू होऊ लागली, तरी सुतार अजून फूट-इंचांत बोलतो, तेव्हा मुलांना दोन्ही यावीत. मग वर्गातल्या बाकांकडेही पाहा. कोणाचे पाय लोंबतात, कोणाचे गुडघे वर अडतात? ज्याचे पाय टेकत नाहीत ते मूल चुळबुळ करणारच. त्याला रागावण्यापूर्वी त्याच्या पायाखाली एक फळी ठेवून पाहा.

त्या घरच्या आजीबाईंचे काय झाले, ते सांगायचे राहिले. सुताराने बाभळीचे २३ इंचांचे स्टूल करून दिले. परवा मी गेले तेव्हा त्या ओट्याच्या टोकाला बसून मेथी निवडत होत्या आणि सुनेला सांगत होत्या, “अगं, फोडणी जरा जपून, लसूण करपेल!” सून हसत होती.

तेव्हा श्रोतेहो, आपल्या घरात असे कोणी ओसरीवर जाऊन बसले असेल, तर आजच फीत घ्या. ओटा, कोपर आणि पोटरी, एवढी तीन मापे कागदावर लिहा आणि मगच बाजारात किंवा सुताराकडे जा.