पियानोवर कोण होतं?

(गटाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना ऐकवलेल्या ध्वनिमुद्रणांचे उल्लेख तसेच ठेवले आहेत.)



संगीतावर बोल असं संयोजक मैत्रिणींनी सांगितलं, तेव्हा त्यांना जात्यावरच्या ओव्या किंवा चळवळीतली गाणी अपेक्षित असणार. मी मात्र आज एका कृष्णवर्णीय अमेरिकन पियानोवादक बाईविषयी बोलणार आहे. तिचं नाव ॲलिस कोल्ट्रेन. पण त्याआधी माझ्या घरची एक गोष्ट सांगते, म्हणजे ही बाई मला का भेटली ते कळेल.

मी तीस वर्षं हार्मोनियमची साथ करते. माझा नवरा तबला वाजवतो. काही वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात निवेदकाने आमची ओळख करून दिली. आधी तबल्यावर कोण ते नावानिशी, त्यांच्या गुरूंच्या नावानिशी सांगितलं. मग म्हणाला, "आणि पेटीवर त्यांच्याच सौभाग्यवती!" लोक हसले, टाळ्या पडल्या. माझं नाव आलंच नाही. लग्नाआधी आठ वर्षं मी पेटी वाजवत होते. घरी आल्यावर नवरा म्हणाला, "त्यात वाईट काय वाटून घ्यायचं? तो खोटं थोडंच बोलला?" खोटं नव्हतं, हे खरंच. आणि तेच जास्त लागलं.

हे मी भाचीला सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, तू ॲलिस कोल्ट्रेन ऐक." तिने मोबाइलवर एक रेकॉर्ड लावून दिली. त्या दिवसापासून मी ऐकते आहे.

ॲलिसचा जन्म १९३७ चा, डेट्रॉइट शहरातला. माहेरचं आडनाव मॅकलाउड. आई चर्चमध्ये गायची, पियानो वाजवायची. ॲलिसही लहानपणापासून चर्चमध्ये वाजवू लागली. सावत्र भाऊ अर्नेस्ट फॅरो जॅझमध्ये बास वाजवायचा. जॅझ म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. एक धून ठरलेली असते, आणि मग प्रत्येक वादक त्या क्षणी सुचेल तसा तिचा विस्तार करतो. आपल्याकडची बढत डोळ्यांसमोर आणा. त्या काळी डेट्रॉइटमध्ये जॅझ वाजवणाऱ्या बायका होत्या, हेही लक्षात ठेवू या. टेरी पोलार्ड पियानो वाजवायची. डोरोथी ॲशबी हार्प वाजवायची, म्हणजे उभ्या चौकटीत ताणलेल्या तारा दोन्ही हातांनी छेडायचं ते मोठं वाद्य. ॲलिस एकटी आभाळातून पडलेली नव्हती.

ऐन विशीत ती पॅरिसला गेली, तिथे बड पॉवेल या थोर पियानोवादकाच्या सहवासात शिकली. पहिलं लग्न एका गायकाशी झालं. ते टिकलं नाही, तेव्हा लहान मुलीला घेऊन ती डेट्रॉइटला परतली आणि पुन्हा वाजवू लागली. १९६३ मध्ये टेरी गिब्ज या वादकाच्या संचात ती पियानोवर होती आणि त्या संचाच्या ध्वनिमुद्रिकेवर तिचं वादन आहे. त्याच वर्षी तिची जॉन कोल्ट्रेनशी भेट झाली. सॅक्सोफोनवादक जॉनचं नाव तेव्हा जगभर झालेलं होतं. दोघांनी १९६५ मध्ये लग्न केलं.

जॉनच्या संचात मॅकॉय टायनर हा नावाजलेला पियानोवादक होता. तो १९६५ च्या अखेरीस बाहेर पडला आणि त्याच्या जागी ॲलिस आली. जुना संच मोडला याचं रसिकांना दुःख झालं, ते समजू शकतं. पण दोष कुणावर गेला? बायकोवर. ती तिथे आहे कारण ती त्याची बायको आहे, असं बोललं गेलं. लग्नाआधीच तिने पॅरिस पाहिलं होतं, व्यावसायिक संचात वाजवलं होतं, रेकॉर्डही झाली होती. ते सगळं लग्नाच्या दाखल्याखाली झाकलं गेलं.

१७ जुलै १९६७ ला जॉन यकृताच्या कर्करोगाने गेला. वय चाळीस. ॲलिस एकोणतीस वर्षांची होती. पदरात चार मुलं, धाकटं अवघ्या चार महिन्यांचं. इथून पुढे तिने काय केलं ते पाहा.

लाँग आयलंडवर डिक्स हिल्स या गावी त्यांचं घर होतं. तिथल्या तळघरातल्या स्टुडिओत तिने ध्वनिमुद्रणं सुरू केली. वर संसार, खाली स्टुडिओ. १९६८ मध्ये 'कॉस्मिक म्युझिक' ही जॉनची आणि तिची रेकॉर्ड तिने स्वतःच्या लेबलवर काढली. त्याच वर्षी केवळ तिच्या नावाची पहिली रेकॉर्ड आली, 'अ मोनॅस्टिक ट्रायो'. तिच्या एका बाजूला ती पियानो वाजवते, दुसऱ्या बाजूला हार्प. हार्प जॉनने मागवली होती, ती घरी पोचली तेव्हा तो नव्हता असं सांगतात. १९६८ ते १९७२ या पाच वर्षांत तिने स्वतःच्या नावावर सात रेकॉर्ड केल्या. चार लहान मुलं वाढवता वाढवता, सात.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. तिच्याकडे घर होतं, जॉनच्या संगीताचं उत्पन्न होतं. चार मुलांच्या प्रत्येक विधवेला तळघरात स्टुडिओ मिळत नाही. आपण तिची गोष्ट 'जिद्द असली की सगळं जमतं' अशी सांगू नये. जिद्द होतीच, पण साधनंही होती. किती बायका केवळ साधनं नसल्यामुळे ऐकूच आल्या नाहीत, याचा हिशेब कुठेच नाही.

आता एक तुकडा ऐका. १९७० च्या रेकॉर्डमधला आहे, नाव 'तुरीया अँड रामकृष्ण'.

(ध्वनिमुद्रण)

फक्त पियानो, बास आणि ड्रम्स. लय संथ आहे. डावा हात चर्चमधल्या गाण्यासारखा ठाम पाऊल टाकतो आणि उजव्या हाताचे सूर पाण्यासारखे वाहतात. इथे कुणाची बायको ऐकू आली का तुम्हाला? मला एक पियानोवादक ऐकू आली.

दुसरा तुकडा आपल्या ओळखीचा वाटेल. १९७१ ची रेकॉर्ड, 'जर्नी इन सच्चिदानंद'. यात तंबोरा आहे, आणि तंबोरा छेडणारीही बाईच आहे. जॉन गेल्यानंतरच्या खचलेल्या काळात ॲलिस स्वामी सच्चिदानंदांकडे गेली होती, त्यांचंच नाव या रेकॉर्डला आहे. डिसेंबर १९७० मध्ये ती त्यांच्याबरोबर भारतात आली. त्याच्या थोडं आधी, नोव्हेंबरमध्ये, हे ध्वनिमुद्रण झालं. त्यात एक छोटी रचना आहे, 'स्टॉपओव्हर बॉम्बे', म्हणजे वाटेत मुंबईला मुक्काम. ऐका.

(ध्वनिमुद्रण)

सत्तरच्या दशकात जॅझमध्ये इतर संगीत मिसळण्याची मोठी लाट आली. तिला फ्यूजन म्हणतात. तिचा इतिहास बहुतेक वेळा पुरुषांच्या नावांनी आणि विजेवर चालणाऱ्या गिटारांनी लिहिला जातो. ॲलिसने तंबोरा, हार्प, व्हायोलिनांचा ताफा आणि विजेवरचा ऑर्गन एकत्र आणला. १९७४ मध्ये गिटारवादक कार्लोस सान्तानाबरोबर 'इल्युमिनेशन्स' ही रेकॉर्ड केली. तरी त्या इतिहासात तिला बरीच वर्षं कोपऱ्यातच जागा मिळाली.

टीका सर्वांत जास्त कशावर झाली? १९७२ मध्ये तिने जॉनची जुनी ध्वनिमुद्रणं घेऊन त्यांवर व्हायोलिनं आणि स्वतःचं वादन चढवलं आणि 'इन्फिनिटी' नावाने ती काढली. समीक्षक खवळले. नवऱ्याच्या कलाकृतीला हात लावला! त्या रेकॉर्डविषयी मतभेद असू शकतात, माझेही आहेत. पण त्यातल्या काही ध्वनिमुद्रणांत मुळातच पियानोवर ती होती. ज्या संगीतात तिचे हात होते, त्यावर तिचा काही हक्क आहे की नाही, हा प्रश्न कितीजणांनी विचारला?

आता अवघड भागाकडे येते. पुढे ॲलिस कॅलिफोर्नियाला गेली. तिने भगवी वस्त्रं घेतली, तुरीयसंगीतानंदा हे नाव घेतलं. १९७८ नंतर तिने बाजारासाठी रेकॉर्ड करणं थांबवलं. १९८३ मध्ये अगोरा इथे डोंगरात आश्रम उभारला आणि ती स्वतः त्याची प्रमुख झाली. तिथे दर आठवड्याला भजनं व्हायची. ती ऑर्गन वाजवायची, बाकीचे गायचे, आणि त्या भजनांत चर्चच्या गाण्यांची ठेकेदार लय होती. १९८२ च्या 'तुरीया सिंग्ज' या कॅसेटमध्ये रेकॉर्डवर पहिल्यांदाच तिचा स्वतःचा गळा ऐकू येतो. त्याच वर्षी तिचा थोरला मुलगा मोटार अपघातात गेला होता.

तुमच्यातल्या काहीजणी म्हणतील, आश्रम आणि गुरू यांचं कौतुक आपल्या व्यासपीठावर कशाला? मलाही हा प्रश्न पडला होता. धर्माच्या नावाने बाईला कसं बांधतात, ते आपण रोज पाहतो. शिवाय तिने स्वतः जॉनचं नाव कधी टाकलं नाही, त्याच्याविषयी आदराने बोलत राहिली. मग तिला 'आपली' म्हणायचं का?

मला वाटतं, आपण इथेच एक चूक करतो. ज्या बाईचे निर्णय आपल्याला पटतात, तिच्याच कामाची नोंद आपण करतो. पण कामाची नोंद हे काही बक्षीस नाही, ते देणं आहे. तिचा मार्ग मी घेणार नाही. तरीही एवढं मला दिसतं की माहेरचं आडनाव, मग नवऱ्याचं, असा प्रवास करत या बाईने शेवटी असं नाव घेतलं, जे ना वडिलांचं होतं ना नवऱ्याचं. आणि त्या नावात संगीत होतं.

मुलगा रवी सॅक्सोफोनवादक झाला. त्याच्या आग्रहाने २००४ मध्ये तिने 'ट्रान्सलिनियर लाइट' केली, सव्वीस वर्षांच्या खंडानंतर. १२ जानेवारी २००७ ला ती गेली. आश्रमाची वास्तू २०१८ च्या वणव्यात जळाली. पण ध्वनिमुद्रणं उरली. आश्रमातल्या कॅसेटमधली निवडक भजनं २०१७ मध्ये सर्वांसाठी प्रसिद्ध झाली. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये झालेली तिची मैफल २०२४ मध्ये पूर्ण बाहेर आली, त्रेपन्न वर्षांनी. आज तरुण वादक तिचं नाव तिच्या स्वतःच्या कामासाठी घेतात. बरं वाटतं. पण ते ऐकायला ती नाही.

शेवटी आपल्या घरातलं. हे भाषण लिहिताना मी गटाचं कपाट उघडलं. आपण वीसेक वर्षांपूर्वी काढलेली गाण्यांची कॅसेट सापडली. वेष्टनावर गटाचं नाव आहे, गीतं लिहिणारीचं आहे, गाणाऱ्यांची आहेत. ढोलकी कुणी वाजवली, ते नाही. सगळी गाणी त्या ढोलकीवर उभी आहेत. तिचं नाव कळायला मला तीन जणींना फोन करावे लागले. निवेदकाने माझं नाव गाळलं म्हणून मी इतकी वर्षं मनात कुढत होते, आणि ही कॅसेट काढताना मी तिथेच बसलेली होते.

तेव्हा माझी मागणी मोठी नाही. आपल्या पत्रकावर, कॅसेटवर, कार्यक्रमाच्या पत्रिकेवर साथ करणाऱ्या प्रत्येकीचं नाव घालायचं. तिचं स्वतःचं, ती सांगेल ते. ढोलकीवालीला मी फोन केला, ती आज आली आहे. मागच्या रांगेत बसली आहे. तिचं नाव तिनेच उभं राहून सांगावं, अशी तिला विनंती करते.