इंजिनिअर झाला, पुढे काय?



मी भाषेचा शिक्षक. यंत्रांतले मला फारसे कळत नाही. परंतु मागे माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला, म्हणून हा विषय घेतला. (नाव सांगत नाही, त्यांचे बिऱ्हाड आता दुसऱ्या गावी आहे.) मेकॅनिकलची पदवी घेऊन त्याला तीन वर्षे झाली. पहिले वर्ष एका कारखान्यात शिकाऊ उमेदवारीत गेले. तेव्हापासून त्याच यंत्रावर, त्याच पाळीत तो ठेकेदाराचा माणूस म्हणून उभा आहे. वडिलांनी फीसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता त्याच्या पगारातून जेमतेम निघतो. "सर, घरी मी कायम झालो असेच सांगितले आहे," तो म्हणाला.

हे दुखणे नवे नाही. १९६६ नंतरच्या मंदीत आपल्याकडे इंजिनिअर बेकार झाले आणि १९६८ मध्ये सरकारला प्रवेशाच्या जागा कमी कराव्या लागल्या. पुढे १९७३ साली शिकाऊ उमेदवार कायद्यात दुरुस्ती करून पदवी व पदविकाधारकांना त्यात घेण्यात आले. हेतू चांगलाच होता. मात्र या कायद्याने शिकाऊ उमेदवार हा कामगार ठरत नाही आणि मुदत संपल्यावर त्याला नोकरीत घेण्याची सर्वसाधारणपणे सक्तीही नाही. पालकांना हे कोणी सांगत नाही.

१९८३ पासून महाराष्ट्रात विनाअनुदानित कॉलेजे निघाली. सामान्य घरच्या मुलांना दार उघडले, हे मान्यच करावयास हवे. फी परवडली तर, असो. पुढे जागा इतक्या रिकाम्या राहू लागल्या की २०२० पासून तंत्रशिक्षण परिषदेने नवीन कॉलेजांना परवानगी देणे बहुतांशी थांबवले. २०२३ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. आता सारा ओढा कॉम्प्युटरकडे आहे.

कॉलेजच्या माहितीपत्रकात नोकरी मिळालेल्या मुलांचे फोटो असतात. आपण तेथे जाऊन विचारावे, यांतले कायम किती, उमेदवार किती, वर्षानंतर टिकले किती? उत्तर देताना समोरचा गृहस्थ घुटमळला तर समजून घ्यावे. दहावीनंतर पदविका करून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. त्या तीन वर्षांत मुलाचा कल कळतो. आयटीआयला मात्र आपण उगाच कमी लेखतो.

त्या विद्यार्थ्याचा धाकटा भाऊ यंदा दहावीला आहे आणि वडील पुन्हा कर्जाच्या खटपटीत आहेत. त्यांना काय सांगावे, हे विचारावयास तो आला होता. मी म्हटले, आधी ठेकेदाराचे सांग.

परवा फोन केला. त्याने अजून सांगितलेले नाही.