भूगोल खिडकीतून दिसतो
(वर्धापनदिनी अभ्यासवर्गातील मुले व पालक यांच्यापुढे केलेले भाषण)



मागच्या पोलीस भरतीत आपल्या वस्तीतला एक मुलगा मैदानात छान धावला आणि लेखीत दोन गुणांनी राहिला. पेपर झाल्यावर तो आमच्याकडे आला. "दादा, जिल्हे तर ३५ पाठ होते माझे!" आम्ही त्याचे पुस्तक मागून पाहिले. मामेभावाने दिलेले, पालघर होण्याआधीचे. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर झाला आणि जिल्हे ३६ झाले. त्या पोराला काय बोलणार? नवे पुस्तक घ्यायला घरात पैसे नसतात, म्हणून जुने हातोहात फिरते. ते आधी तपासायला हवे होते आम्ही. ती चूक आमची.

तेव्हा पहिले काम म्हणजे पुस्तकाचे साल पाहणे. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर व उस्मानाबादचे धाराशिव २०२३ मध्ये झाले, अहमदनगरचे अहिल्यानगर २०२४ मध्ये. कळसूबाई शिखर तेच, उंची तीच, १६४६ मीटर. पण जिल्ह्याचे नाव विचारले तर जुन्या पुस्तकातले उत्तर पर्यायांत सापडायचे नाही. १ मे १९६० ला २६ जिल्हे होते. पुढचे दहा कसकसे झाले ते सालानिशी एका कागदावर लिहून भिंतीला लावा, म्हणजे तो विषय मिटला.

खरी अडचण नद्यांची. मुले उपनद्यांची यादी घोकतात आणि पेपरात गिरणा गोदावरीला नेऊन जोडतात. आम्ही म्हणतो, यादी ठेवा बाजूला. दसऱ्याला आपण मुंबईहून नागपूरला दीक्षाभूमीवर जातो ना? गाडीत जागा मिळायची मारामार असते हे खरे, पण एकदा खिडकी मिळाली तर अर्धा पेपर तिथेच सुटतो.

कसाऱ्याचा घाट चढला, म्हणजे सह्याद्री ओलांडला. घाटाखालचे पाणी जवळच्या अरबी समुद्राला जाते. वर इगतपुरीच्या पुढे दारणा लागते, ती गोदावरीला मिळते आणि तिचे पाणी थेट बंगालच्या उपसागराला. समुद्र इतका जवळ असून नदी उलटी का जाते? कारण पठाराचा उतार पूर्वेकडे आहे. एवढे समजले की भीमा, कृष्णा वेगळ्या पाठ कराव्या लागत नाहीत. मनमाडच्या आसपास सातमाळा-अजिंठ्याची रांग ओलांडली की पाणी गिरणेत, गिरणेतून तापीत, म्हणजे पुन्हा पश्चिमेला! तापी सातपुडा आणि अजिंठ्याची रांग यांच्यामधल्या खचलेल्या भागातून वाहते, म्हणून तिची वाट निराळी. भुसावळ, अकोला हा सगळा तापी-पूर्णेचा मुलूख. काळी माती, कापूस. बडनेरा, धामणगाव मागे पडले की पुलगावच्या पुलाखाली वर्धा नदी. ती पुढे वैनगंगेला मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता गडचिरोलीत सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. म्हणजे इगतपुरीला सोडलेली गोदावरी आपल्याला पुलगावात पुन्हा भेटली. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला मुलगा गिरणा गोदावरीला जोडेल का?

महाडलाही आपण जातो. तिथली सावित्री महाबळेश्वरात उगम पावते आणि कोकणात उतरते. कृष्णा आणि कोयना उगवतात त्याच डोंगरावर, पण जातात पूर्वेकडच्या उतारावर, आणि कऱ्हाडला एकत्र येतात. पावसाचेही तसेच. महाबळेश्वरला धो धो पडतो, आणि डोंगराआड खाली वाईला त्याच्या पाव हिश्श्याहूनही कमी. पर्जन्यछाया म्हणतात ती हीच. माण-खटावची माणसे खडी फोडायला, मजुरीला शहरात का आली, याचे अर्धे उत्तर या डोंगरात आहे. (उरलेले अर्धे भूगोलाच्या पेपरात विचारत नाहीत.)

आता पालकांना एक विनंती. पोरगी नकाशा काढत बसली तर "चित्रं काय काढतेस, अभ्यास कर" असे म्हणू नका. तोच अभ्यास आहे. आधी डोंगराच्या चार रांगा: सातपुडा, सातमाळा-अजिंठा, हरिश्चंद्र-बालाघाट, शंभू महादेव. मग मधल्या खोऱ्यांत तापी, गोदावरी, भीमा आणि खाली कृष्णा. जिल्हे त्यानंतर. आमची मुले नेमके उलटे करतात; आधी जिल्हे रंगवतात आणि नद्या राहूनच जातात.

येत्या रविवारपासून वंदनेनंतर सभागृहातच वर्ग भरेल. येताना महाराष्ट्राचा कोरा नकाशा, पेन्सिल आणि खोडरबर आणावे. पेन नको, पहिले चार नकाशे खोडावेच लागतात. आणि घरात जुनी पुस्तके असतील तीही आणा, आपण बसून त्यातली नावे आणि आकडे दुरुस्त करू.